मरीन ड्राइव्हवरील घरें

खुलताबादेस राहणाऱ्या मनुष्यास जुनी इमारत कशास म्हणावें हें शिकवावें लागत नाहीं. घराबाहेर पाऊल टाकलें कीं कोट, वेशी, दर्गे आणि घुमट दृष्टीस पडतात; घाट उतरून खालीं गेलें कीं वेरूळचीं लेणीं आहेत. मलिक अंबर १६२६ पासून, औरंगजेब १७०७ पासून आणि पहिला निजाम आसफजाह १७४८ पासून याच गांवच्या मातींत विसावले आहेत. त्यामुळें इतिहास म्हणजे दगड, आणि दगड म्हणजे निदान दोन-तीनशें वर्षांचा, अशी आमची एक समजूत होऊन बसते. ही समजूत अगदींच खोटी नाहीं. पण ती अपुरी आहे, हें एका विद्यार्थ्यानें विचारलेल्या साध्या प्रश्नावरून मला कळून आलें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी आमच्या विद्यार्थ्यांस घेऊन मुंबईस गेलों होतों. बोरीबंदरचें स्थानक, राजाबाई टॉवर, हायकोर्ट वगैरे ठरलेलीं स्थळें पाहून झाल्यावर संध्याकाळीं आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलों. समुद्राकडे पाठ करून मीं मुलांना समोरच्या घरांच्या रांगेकडे पाहावयास सांगितलें आणि म्हणालों कीं, आज दिवसभर जें पाहिलें त्याचाच हा पुढचा अध्याय आहे. त्यावर खुलताबादजवळच्याच एका खेड्यांतून आलेला एक मुलगा संकोचानें म्हणाला, "सर, हीं तर राहतीं घरें आहेत. वर कपडे वाळत आहेत. यांत इतिहास कोठें आला?" बाकीचीं मुलें हंसलीं. मीही हंसलों, आणि कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न मनांतून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरानें दिलेलें उत्तर आहे असें वाचकांनीं समजावें.

प्रथम जागेविषयीं. गिरगांव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत समुद्राच्या कडेनें धनुष्यासारखा वांकत गेलेला हा सुमारें सव्वादोन मैलांचा रस्ता. दफ्तरीं त्याचें नांव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. रात्रीं मलबार टेकडीवरून दिव्यांची रांग पाहणाऱ्यांनीं दिलेलें नांव राणीचा हार. आणि लोकांच्या तोंडीं मात्र मरीन ड्राइव्ह. हा रस्ता आणि त्याच्या कांठचीं घरें ज्या जमिनीवर आहेत ती जमीन मुळांत जमीनच नव्हती. तेथें बॅकबे नांवाचा उपसागर होता, आणि त्याचें पाणी आजच्या रेल्वेमार्गापर्यंत येत असे.

तें पाणी हटविण्याचा पहिला डाव फसला. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध जुंपलें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत ज्या असंख्य कंपन्या निघाल्या त्यांत बॅकबे बुजविणारी कंपनी अग्रभागीं होती. प्रेमचंद रायचंदांसारख्या सराफी दुनियेच्या अनभिषिक्त राजापासून ते साध्या कारकुनापर्यंत सारें शहर शेअरांच्या नादीं लागलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याबरोबर कंपनीही बुडाली. समुद्र बहुतेक होता तेथेंच राहिला. जी थोडी पट्टी भरली गेली होती तिच्यावरून पुढें रेल्वे धांवूं लागली. मुंबईंत समुद्र बुजविणें हें स्थापत्याचें काम असण्यापूर्वीं सट्ट्याचें काम होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरा डाव सरकारनें स्वतः मांडला. चौपाटीकडील टोंकास केनेडी सी फेस नांवाचा तुकडा १९१५ ते १९२० या काळांत बांधून झाला होता. पहिलें महायुद्ध संपतांच, १९१८ सालीं, सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. शहरांत जागेची टंचाई विलक्षण, गिरण्यांना नफा भरपूर, आणि गव्हर्नरसाहेबांचा उत्साह त्याहून भरपूर. १९२० सालीं त्यांनीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें स्वतंत्र खातें उघडलें. कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत ११४५ एकर समुद्र आठ भागांत विभागून भरून काढावयाचा, असा बेत ठरला. रीत अशी: आधीं समुद्रांत दगडांची भिंत घालावयाची, आणि मग बंदरांतला गाळ यंत्रानें उपसून नळांवाटे भिंतीच्या आंत आणून टाकावयाचा. कागदावर हें गणित चोख होतें. प्रत्यक्षांत भरलेला गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रांत जाऊं लागला. एका बाजूनें यंत्र ओतीत आहे आणि दुसऱ्या बाजूनें लाटा नेत आहेत, असा हा व्यवहार वर्षानुवर्षें चालला, आणि खर्चाचा आंकडा मात्र भरतीच्या पाण्यासारखा चढत गेला.

या कारभारास वाचा फोडण्याचें काम खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानें केलें. कायदेकौन्सिलांत आणि वर्तमानपत्रांत त्यांनीं या योजनेतील उधळपट्टी व गैरव्यवहार चव्हाट्यावर मांडले. खात्यांतील एका वरिष्ठ इंजिनियरानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तींतून नरिमन निर्दोष सुटले. दरम्यान १९२६ सालीं चौकशी-समिती नेमली गेली होती. परिणाम असा झाला कीं, आठ भागांपैकीं पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच चार पुरे करावयाचे ठरले. मधले चार सोडून देण्यांत आले. ११४५ एकरांच्या जागीं सुमारें ४४० एकर जमीन हातीं आली, आणि त्यांतलाही मोठा हिस्सा लष्कराकडे गेला. लोकांनीं या सर्व प्रकरणास 'लॉइडचा खुळेपणा' म्हणावयास सुरुवात केली होती. काळाची गंमत अशी कीं, पुढें याच भरावावरील चर्चगेट स्ट्रीटला वीर नरिमन यांचें नांव मिळालें, आणि रस्त्याच्या दक्षिण टोंकासही त्यांचेंच. ज्यानें योजनेचे वाभाडे काढले त्याच्या नांवानें आज योजना ओळखली जाते, आणि जॉर्ज लॉइड हे कोण हें सांगावें लागतें.

याच डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचें दुसरें एक अपत्य आहे. वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी त्या खात्यानेंच बांधल्या. चाळींच्या नांवांतील पहिलीं तीन अक्षरें म्हणजे या खात्याचेंच नांव होय. गिरणी-कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या होत्या; बांधून झाल्या सुमारें दोनशें चाळी आणि सोळा हजारांवर खोल्या. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. याही चाळी काँक्रीटच्याच, पण मरीन ड्राइव्हच्या घरांत काँक्रीटनें जें स्वातंत्र्य दिलें त्याचा मागमूस येथें नाहीं. आरंभीं त्या इतक्या गैरसोयीच्या वाटल्या कीं कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यांत आला. मरीन ड्राइव्हचें सौंदर्य पाहतांना हीं सावत्र भावंडें विसरूं नयेत. त्यांचा विचार पुढें पुन्हा करावयाचा आहे.

असो. १९३० च्या सुमारास भराव पुरा झाला तेव्हां जगभर मंदी होती, आणि एवढ्या खटपटीनें मिळविलेल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळेना. तीन-चार वर्षांनीं वारा फिरला. व्याजाचे दर उतरले होते, गिरण्यांचा धंदा डळमळीत झाला होता. अशा वेळीं व्यापाऱ्यांच्या आणि संस्थानिकांच्या हातांतल्या पैशाला घरभाड्यासारखी खात्रीची मिळकत दुसरी नव्हती. सरकारनें प्लॉट देतांना इमारतींची उंची आणि रस्त्यापासूनचें अंतर यांविषयीं नियम घालून दिले होते. त्यामुळें मालक निरनिराळे, वास्तुशास्त्रज्ञ निरनिराळे, तरी रांग एक, असा विरळा योग जुळून आला. १९३५ पासून पुढें आठ-दहा वर्षांत या रस्त्याचें रूप ठरून गेलें. कपूर महाल, झवेर महाल आणि केवल महाल या इमारती १९३७ ते १९३९ च्या. वीर नरिमन मार्गाच्या कोपऱ्यावरील सूना महाल १९३७ चा. मग दुसरें महायुद्ध आलें, सिमेंट आणि पोलाद यांवर नियंत्रणें आलीं, आणि बांधकामाचा वेग मंदावला.

आतां घरांकडे पाहूं. सूना महाल घ्या. दोन रस्ते जेथें मिळतात तेथें जुना गवंडी एक काटकोन उभा करील. येथें कोपरा गोल करून घेतला आहे, आणि मजल्यामागून मजला सज्जांचे पट्टे त्या गोलाईवरून न तुटतां एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर वळले आहेत. खिडक्यांच्या वर लांबच लांब छज्जे आहेत, ते पावसाळ्यांत पाणी अडवितात आणि उन्हाळ्यांत भिंतीवर सांवलीची रेघ ओढतात. माथ्यावर एक लहानसा मनोरा, आणि खालीं ठळक अक्षरांत इमारतीचें नांव. खांब नाहींत, कमानी नाहींत, तोरणें नाहींत. याच रस्त्यावरच्या व ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील इतर घरांत कोठें उगवत्या सूर्याचे किरण, कोठें लाटा, कोठें पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाणारा माथा, कोठें आगबोटीसारखे कठडे आणि वाटोळ्या खिडक्या दिसतील. ज्या माणसानें घर बांधलें त्याला समुद्रापलीकडच्या जगाचें आणि वेगाचें आकर्षण होतें, हें त्या घराच्या चेहऱ्यावरच लिहिलेलें आहे.

हें शक्य झालें तें लोखंडाच्या सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळें. दगडाच्या व विटांच्या घरांत वरचा सारा भार भिंती वाहतात. म्हणून भिंती जाड, खिडक्या अरुंद, आणि खिडकीवर कमान ठेवणें भाग. काँक्रीट दाब सोसतें, पण ताण सोशीत नाहीं; पोलाद ताण सोसतें. दोहोंची सांगड घातली कीं खांब आणि तुळया यांचा सांगाडा सगळा भार उचलतो आणि भिंत केवळ पडद्यापुरती उरते. मग खिडकी थेट कोपऱ्यांत घेतां येते, सज्जा खालून आधार न देतां पुढें काढतां येतो, आणि भिंत वळवतां येते. वेरूळच्या शेजारीं राहणाऱ्या मला या गोष्टीचें एक निराळेंच नवल वाटतें. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं कैलास लेणें डोंगर वरून खालीं पोखरीत कोरलें गेलें. त्यांत सांधा नाहीं. तें जोडलेलें नसून उरलेलें आहे. काँक्रीटचा सांगाडाही सांध्यांवांचूनचा, एकसंध. पण तो कोरून नव्हे, साच्यांत ओतून केलेला. मधलीं बाराशें वर्षें आम्ही दगडावर दगड रचीत होतों. एकसंध इमारतीची कल्पना पुन्हा आली ती या भरावावर.

साहित्य बहुतेक देशीच होतें, हेंही सांगितलें पाहिजे. सिमेंटचे कारखाने देशांत निघाले होते. १९३६ सालीं दहा कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था झाली. पोलाद जमशेटपुरास होऊं लागलें होतें. जमिनीवरच्या रंगीत सिमेंटच्या फरश्या परदेशांतून आणावयाच्या त्या स्वदेशींत करूं, या हेतूनें भारत फ्लोअरिंग्ज हा कारखाना १९२२ सालींच निघाला होता. बाहेर चौपाटीवर परदेशी कापडाची होळी होत होती, आणि थोडक्याच अंतरावर देशी सिमेंट, देशी पोलाद आणि देशी फरशी यांचीं घरें उठण्याच्या बेतांत होतीं.

याहून महत्त्वाची गोष्ट हातांची. ओव्हलच्या पूर्वेस १८७० नंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या गॉथिक इमारती पाहा. विद्यापीठाच्या सभागृहाचे आराखडे सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं विलायतेंत बसून काढले. मुंबई त्यांनीं पाहिलीही नाहीं. आपले कारागीर त्या कामावर होते, पण कल्पना दुसऱ्याची. पश्चिमेकडील बाजू मात्र बहुतांशीं आपल्या माणसांनीं कल्पिलेली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वास्तुशाखेंतून शिकून बाहेर पडलेली ही पहिली मोठी पिढी. त्यांची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था १९२९ पासून त्या नांवानें काम करूं लागली, आणि १९३७ सालीं तिनें टाउन हॉलमध्यें 'आदर्श घरा'चें प्रदर्शन भरविलें, त्यास लोकांची रीघ लागली. सूना महालाचे कर्ते गजानन म्हात्रे (१९०२-१९७३) हे याच पिढींतले. फोर्टांतील न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांच्या कचेरीनें उभारली, आणि तिच्यावरील कुंभार, शेतकरी, सूत कातणारी स्त्री वगैरे भव्य आकृति नारायण गणेश पानसरे यांनीं कोरल्या. मौज अशी कीं, या तरुणांचे गुरु क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहस्थ भारतीय परंपरेचे कट्टे अभिमानी. विद्यार्थ्यांनीं जुन्या हिंदी घरांचा अभ्यास करावा असा त्यांचा आग्रह. विद्यार्थी मात्र नव्याच्या मागें. गुरु शिष्यांस पूर्वजांकडे वळवीत आहे आणि शिष्य जगाकडे धांवत आहेत, असें हें उलटें दृश्य होतें.

या शैलीस आज आर्ट डेको म्हणतात. हें नांव १९२५ सालीं पॅरिसला भरलेल्या शोभाकलांच्या प्रदर्शनावरून पडलें, पण तें रूढ झालें १९६० नंतर. घरें बांधणाऱ्यांना तें ठाऊक नव्हतें; ते तिला नुसतें 'नवीन धर्तीचें बांधकाम' म्हणत. युरोपांत त्याच सुमारास अलंकार हा गुन्हाच मानणारा एक कडवा पंथ होता. आमच्या लोकांनीं तो पत्करला नाहीं. त्यांनीं जुने अलंकार टाकले, पण अलंकाराची हौस टाकली नाहीं. दाराच्या लोखंडी जाळीवर, जिन्याच्या कठड्यावर, इमारतीच्या नांवाच्या अक्षरांवर ती हौस त्यांनीं पुरी करून घेतली.

घराच्या आंत जो पालट झाला तो बाहेरच्याहून खोल होता. वाड्यांत चौक होता, चाळींत गॅलरी होती. दोन्हींत माणूस शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढें राही. 'ब्लॉक' नांवाच्या या नव्या वस्तूंत दार लावलें कीं कुटुंब एकटें. न्हाणीघर आणि संडास घरांत आले, निजावयाची खोली निराळी झाली, वर जावयास लिफ्ट आली. घरांत कोण काय खातें, सून किती वाजतां उठते, हें जिन्यावर कळेनासें झालें. कोणी यास सुख म्हणेल, कोणी एकलकोंडेपणा. माझ्या मतें तीं दोन्ही एकाच दाराचीं दोन अंगें आहेत. मराठी मध्यमवर्गानें हें दार मरीन ड्राइव्हवर नव्हे, तर दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क या बाजूस उघडलें. तेथील तीन-चार मजली घरांचे गोल सज्जे, छज्जे आणि जिन्याची उभी कांचेची पट्टी हें सारें समुद्रकांठच्या घरांचेंच बेतशीर रूप आहे. आपल्यापैकीं अनेकांचीं बालपणें त्या सज्जांत गेलीं आहेत, आणि तरीही या शैलीशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें आपण समजतों.

येथें दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण ते खरे आक्षेप आहेत. पहिला असा कीं, ही सारी नक्कल आहे. पॅरिस व अमेरिका यांच्याकडे पाहून केलेल्या घरांत आपलें तें काय? या प्रश्नाचें उत्तर मी खुलताबादेंतूनच देईन. मलिक अंबर हा आफ्रिकेंत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्यानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली, तिला जमिनीखालच्या नहरीनें पाणी आणलें, आणि आज तें शहर आपलें जिल्ह्याचें ठिकाण आहे. कमान आणि घुमट हींही कोणे एके काळीं बाहेरूनच आलीं. त्याच शहरांतला बीबीचा मकबरा १६६० च्या सुमारचा. त्यास ताजमहालाची नक्कल म्हणण्याची रीत आहे. त्याला संगमरवर मिळाला तो घुमटापुरता आणि खालच्या पट्ट्यापुरता. बाकी काळ्या दगडावर पांढरा गिलावा. पण त्या गिलाव्यावरचें नाजूक काम पाहिलें म्हणजे कळतें कीं, हातचा पैसा तोकडा असतांना येथल्या कारागिरानें दुसराच एक गुण शोधून काढला. मरीन ड्राइव्हचेंही तसेंच. छज्जा, खोल सज्जा, वाऱ्यासाठीं समोरासमोर ठेवलेल्या खिडक्या, हीं पॅरिसच्या प्रदर्शनांतून आलेलीं नाहींत. तीं कोंकणच्या पावसानें आणि ऊष्म्यानें शिकविलेलीं आहेत. उसनें घेणें ही लाजेची गोष्ट नव्हे. उसनें घेतलेलें जसेंच्या तसें ठेवणें ही आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे: हीं श्रीमंतांचीं घरें; यांचा अभिमान गरिबानें कां बाळगावा? यास मी पुरतें उत्तर देऊं शकत नाहीं, आणि देण्याचा आव आणीत नाहीं. एकाच खात्यानें एका हातानें समुद्रकांठ दिला आणि दुसऱ्या हातानें १६० चौरस फुटांची खोली दिली, हें इतिहासाला नोंदावेंच लागेल. मात्र दोन गोष्टी म्हणतां येतील. एक, कैलास लेणें राजाच्या पैशानें झालें आणि मकबरा बादशहाच्या मुलाच्या. तरी त्यांस आपण त्यांचें मानीत नाहीं, आपलें मानतों. दुसरी, घरें श्रीमंतांचीं असलीं तरी रस्ता कोणाचाही आहे. कठड्यावर बसण्यास तिकीट नाहीं. गिरणीचा कामगार, कॉलेजांतला मुलगा, दमलेला कारकून आणि घरांत एकांत न मिळणारें नवें जोडपें यांस मुंबईंत जी एक प्रशस्त बैठक मिळाली ती हीच. ज्या चाळकऱ्यास घरांत जागा नव्हती त्याचें दिवाणखान्याचें काम या कठड्यानें केलें.

आतां जें चिंतेचें आहे तें सांगतों. काँक्रीटचें आयुष्य दगडासारखें नाहीं. समुद्राची खारट हवा बारीक भेगांवाटे आंत शिरते, सळ्यांस गंज चढतो, गंजलेलें लोखंड फुगतें आणि वरचें काँक्रीट फोडून बाहेर येतें. ज्या सळ्यांनीं या घरांना उभें केलें त्याच तीं पाडूं पाहतात. वेळच्या वेळीं दुरुस्ती झाली तर हें थोपवितां येतें. पण दुरुस्ती कोणी करावी? युद्धकाळांतील टंचाईंत भाड्यांवर निर्बंध आले, आणि १९४७ च्या कायद्यानें सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण ठरविलें. त्या वेळीं त्यानें लाखो भाडेकरूंचें रक्षण केलें, हें विसरूं नये. पण तेंच भाडें दशकानुदशकें गोठून राहिल्यावर मालकास घर ओझें झालें आणि भाडेकरूस तें आपलें असून आपलें नव्हतें. मग कोणी सज्जा कांचेनें बंद केला, कोणी लांकडी खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या बसविल्या, कोणी दर्शनी भिंतीवर थंड हवेच्या यंत्रांचीं खोकीं टांगलीं. यांपैकीं कोणावरही मी राग धरीत नाहीं. प्रत्येकानें आपल्यापुरती सोय पाहिली. फक्त रांगेची सोय पाहणारा कोणी उरला नाहीं.

अलीकडे चित्र थोडें पालटलें आहे. १९९५ सालीं मुंबईंत वारसा-वास्तूंचे नियम झाले. ३० जून २०१८ रोजीं ओव्हलच्या पूर्वेकडील व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि पश्चिमेकडील आर्ट डेको इमारती यांचा समूह युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतला. त्या ९४ इमारतींत मरीन ड्राइव्हवरील घरेंही आहेत. ही नोंद व्हावी म्हणून रहिवाशांच्या संस्थांनीं वर्षानुवर्षें खटपट केली होती, ही विशेष समाधानाची गोष्ट. लोकांची या रस्त्यावर माया आहे याची खूण २०१५ सालीं दिसली: पिवळे दिवे काढून पांढरे लावतांच राणीचा हार फिका पडला अशी ओरड झाली, आणि पिवळा उजेड परत आणावा लागला. २०२४ पासून उत्तरेकडील टोंकास किनारी रस्त्याचा बोगदा येऊन मिळाला आहे आणि गाड्यांची गर्दी निराळ्या वळणानें येते-जाते. रस्ता जिवंत आहे. म्हणूनच त्याच्या घरांस धोका आहे, आणि म्हणूनच त्यांस आशाही आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतों. "हीं तर राहतीं घरें आहेत," असें तो म्हणाला. त्याला वाटलें ही उणीव आहे. खुलताबादच्या वास्तु ज्यांच्यासाठीं आहेत ते सारे निद्रिस्त आहेत. तेथें इतिहास पुरा झालेला आहे, आणि आपण फुलें घेऊन जाण्यापलीकडे त्याचें कांहीं करूं शकत नाहीं. मरीन ड्राइव्हवर इतिहास अजून चालू आहे. तेथें रोज सकाळीं कोणी खिडकी उघडतो, चहा करतो, कपडे वाळत घालतो, आणि गळणाऱ्या छताविषयीं मालकाशीं भांडतो. ज्या पिढीनें परक्यांनीं बुजविलेल्या, गैरव्यवहारानें डागाळलेल्या आणि मंदींत ओस पडलेल्या भरावावर आपल्या हातानें घरें काढलीं, तिनें राज्य हातीं येण्याच्या दहा वर्षें आधीं एक गोष्ट सिद्ध करून ठेविली: आपलें शहर आपण कल्पूं शकतों. ती गोष्ट दगडांत लिहिलेली नाहीं, फुटूं शकणाऱ्या काँक्रीटांत लिहिलेली आहे, म्हणून ती जपण्याचें काम आपल्यावर अधिक आहे. पुढच्या वेळीं विद्यार्थ्यांस घेऊन गेलों म्हणजे मी त्यांना आधीं वरळीच्या चाळीकडे नेईन आणि मग संध्याकाळीं या कठड्यावर. दोन्ही पाहिल्याशिवाय कोणतेंही एक समजणार नाहीं, असें आतां मला वाटूं लागलें आहे.